भाड्याचा संगणक, स्वतःची जबाबदारी

(लघु व मध्यम उद्योजकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास हा एका अर्थाने धुराड्यांचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या गिरण्यांना यंत्रे फिरवणारी शक्ती स्वतःच निर्माण करावी लागे. कोळशाचा साठा, बॉयलर, वाफेचे इंजिन आणि ते सांभाळणारी माणसे हा सगळा पसारा गिरणीच्याच आवारात असे. सूत कातणे आणि कापड विणणे हा गिरणीचा खरा व्यवसाय. परंतु इंजिन बंद पडले की तो व्यवसायही थांबत असे. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीत अडवलेल्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईत पोहोचली. पुढे गिरण्यांनी एकामागून एक ही वीज स्वीकारली. शक्ती निर्माण करण्याचे काम दुसऱ्याकडे गेले. गिरणीकडे उरला तो विजेचा वापर आणि महिन्याचे बिल.

संगणकाच्या क्षेत्रातही असेच स्थित्यंतर घडले आहे. त्यालाच ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ असे म्हणतात. विजेप्रमाणे संगणकशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल, हा विचार अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच एमआयटी या संस्थेच्या शताब्दी कार्यक्रमात मांडला होता. तो मोठ्या प्रमाणावर व्यवहारात येण्यास मात्र ४५ वर्षे लागली. ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये माहिती साठवण्याची आणि ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. एखाद्या उद्योजकाला घरी बसून, मोठी अनामत रक्कम न भरता, तासाच्या दराने सर्व्हर घेता येऊ लागला, तो तेव्हापासून.

ढग आकाशात नसतो

‘क्लाउड’ म्हणजे ढग. हे नाव अभियंत्यांच्या आकृत्यांमधून आले. संगणकांच्या जाळ्याचे चित्र काढताना ज्या भागाचा अंतर्गत तपशील दाखवण्याची गरज नसे, तेथे ढगासारखा आकार काढण्याची पद्धत होती. या नावामुळे माहिती कोठेतरी हवेत तरंगत असते, असा समज होतो. वस्तुतः ती जमिनीवरच, विटा-सिमेंटच्या इमारतीत, कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रावर असते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. तेथे हजारो सर्व्हर, अखंड वीजपुरवठा, जनरेटर, वातानुकूलन आणि चोवीस तास पहारा असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईतून ही सेवा सुरू केली. म्हणजे महाराष्ट्रातील अनेक उद्योगांचा ‘ढग’ महाराष्ट्रातच आहे.

एकच मोठा सर्व्हर अनेकांना भाड्याने देता येतो, कारण विशेष सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्याचे अनेक आभासी सर्व्हर करता येतात. एकाच इमारतीत भिंती घालून अनेक बिऱ्हाडे करावीत, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार आणि स्वतःचे कुलूप. मात्र पाया, छप्पर आणि पाण्याची टाकी सामायिक.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये या सेवेची पाच लक्षणे निश्चित केली. ग्राहकाला हवी तेव्हा स्वतःच सेवा घेता आली पाहिजे. नेटवर्कवरून ती सहज उपलब्ध असली पाहिजे. साधने अनेक ग्राहकांत सामायिक असली पाहिजेत. गरजेनुसार ती त्वरित वाढवता व घटवता आली पाहिजेत. आणि वापर मोजला गेला पाहिजे. ही लक्षणे ध्यानात ठेवली, तर कोणताही जुना सर्व्हर दूरच्या खोलीत ठेवून त्याला ‘क्लाउड’ म्हणून विकणाऱ्याची पारख करता येते.

गाळा, यंत्रे आणि जॉबवर्क

या सेवेचे तीन स्तर आहेत. औद्योगिक वसाहतीत वावरणाऱ्यांना ते सहज उमगतील.

पहिला स्तर रिकामा गाळा भाड्याने घेण्यासारखा आहे. जागा, वीज आणि पाणी मालकाचे. आत यंत्रे बसवणे, माणसे नेमणे आणि कुलूप लावणे भाडेकरूकडे. येथे पुरवठादार आभासी सर्व्हर, साठवणुकीची जागा आणि नेटवर्क देतो. त्यावर कोणती प्रणाली चालवायची आणि ती अद्ययावत कशी ठेवायची, हे ग्राहकाने पाहायचे.

दुसरा स्तर म्हणजे यंत्रांसह मिळणारा गाळा. लेथ आणि ड्रिल आधीच बसवलेले आहेत, त्यांचे तेलपाणीही मालक पाहतो. भाडेकरूने आपला कच्चा माल व कारागीर आणून उत्पादन काढायचे. स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या उद्योगांना हा स्तर सोयीचा पडतो.

तिसरा स्तर जॉबवर्कसारखा आहे. माल पाठवायचा आणि काम होऊन परत घ्यायचा. यंत्र कोणते होते याची चौकशी करण्याचे कारण नाही. ई-मेल, हिशेब, पगारपत्रक, ग्राहकांच्या नोंदी यांची तयार सॉफ्टवेअरे महिन्याच्या शुल्कावर वापरणे, हा याचा प्रकार. चेन्नईत मुख्यालय असलेली झोहो ही भारतीय कंपनी अशा सेवा जगभर पुरवते. बहुतेक लघुउद्योग क्लाउडमध्ये प्रवेश करतात तो याच दाराने, आणि पुष्कळदा आपण प्रवेश केला आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

लाभ कोठे, तोटा कोठे

पहिला लाभ भांडवलाचा. सर्व्हर विकत घेताना वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवसाचा विचार करून मोठे यंत्र घ्यावे लागते आणि उरलेले दिवस ते अर्धे रिकामे बसते. भाड्याच्या पद्धतीत गरजेपुरतेच घेता येते. एखाद्या कारखान्याला सर्व्हर दिवसाचे १० तास आणि महिन्याचे २६ दिवस लागतो, असे समजू. हे २६० तास झाले. महिन्याचे एकूण तास ७२०. म्हणजे रात्री आणि सुटीच्या दिवशी सर्व्हर बंद ठेवण्याची शिस्त असेल, तर केवळ ३६ टक्के तासांचेच भाडे लागते. साठवणुकीच्या जागेचे शुल्क मात्र पूर्ण महिन्याचे भरावे लागते. ही शिस्त नसेल, तर कोणी न वापरलेल्या सर्व्हरचेही बिल येत राहते. नळ उघडा राहिला तर पाणीपट्टी वाढते, तसेच हे.

दुसरा लाभ लवचीकतेचा. जुलै २०१९ मध्ये क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. एवढी यंत्रणा वर्षभर स्वतःच्या मालकीची ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. ती क्लाउडवर त्या दिवसापुरती वाढवून नंतर कमी करता आली. दिवाळीच्या आधी मागणी दसपट होणाऱ्या मिठाईविक्रेत्याची किंवा प्रवेशाच्या हंगामात गर्दी होणाऱ्या शिक्षणसंस्थेची गरज आकाराने लहान असली, तरी तिचे स्वरूप हेच आहे.

तिसरा लाभ सातत्याचा. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीचा मुख्य माहितीसंग्रह बिघडला आणि तीन दिवस तिला ग्राहकांकडे डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. एका यंत्रावर विसंबण्याचा हा परिणाम ओळखून तिने क्लाउडची वाट धरली. हे स्थलांतर पूर्ण झाले ते जानेवारी २०१६ मध्ये. जगातील अग्रगण्य तंत्रज्ञांची फौज असलेल्या कंपनीलाही सात वर्षांहून अधिक काळ लागला, हे घाईवर आलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र भाडे नेहमीच स्वस्त असते, असे नाही. ज्याचे काम वर्षभर एकसारखे आहे आणि ज्याच्याकडे यंत्रे सांभाळणारी माणसे आहेत, त्याला मालकीच परवडू शकते. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या माहितीचा बहुतांश साठा ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरचा खर्च वाचवला, हे तिने २०१८ मध्ये आपल्या कागदपत्रांत नमूद केले. शिवाय कारखान्यातील यंत्रांचे नियंत्रण करणारी प्रणाली इंटरनेटवर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. वसाहतीत खोदकाम करताना केबल तुटली म्हणून भट्टी थांबावी, हे कोणत्याही उद्योगाला परवडणार नाही.

उपमा जेथे अपुरी पडते

विजेची उपमा येथपर्यंत चांगली साथ देते. यापुढे मात्र ती सोडून द्यावी लागते. गिरणीने वापरलेली वीज वापरताच संपते. ती कोणाची होती हे कोणी विचारत नाही. संगणकात साठवलेली माहिती संपत नाही. ती पुरवठादाराच्या यंत्रावर राहते आणि तिच्यावर नावे असतात: ग्राहकाचे नाव, कामगाराचे बँक खाते, मालाचा दर, नव्या सुट्या भागाचे रेखाचित्र. वीज देणारी कंपनी बदलली तर कारखान्यातून काहीच जात नाही. क्लाउडचा पुरवठादार बंद पडला, भांडला किंवा अडला, तर व्यवसायाची स्मृतीच अडकून पडते. म्हणून यंत्रे भाड्याने घेता येतात, पण त्यांतील माहितीची जबाबदारी उद्योजकाकडेच राहते, हे या विषयातील मुख्य सूत्र होय.

अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. २०१९ मध्ये तिच्या संरक्षक भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, मांडणीतील त्रुटीचा फायदा घेऊन अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरली गेली. बँकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी नियामकाने २०२० मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला. इमारतीची सुरक्षा मालकाची. पण गाळ्याचे दार उघडे राहिले तर दोष भाडेकरूचा, हा या क्षेत्रातील सर्वमान्य नियम आहे.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत नष्ट झाली. ज्यांनी आपल्या माहितीची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवली होती, ते काही दिवसांत सावरले. अनेकांनी तशी प्रत ठेवलेलीच नव्हती. क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, या समजुतीवर विसंबलेल्यांची माहिती कायमची गेली. दुसरी प्रत ठेवणे ही बहुधा वेगळी सेवा असते आणि ती वेगळी मागावी लागते.

‘९९.९ टक्के उपलब्धता’ असे आश्वासन करारात दिसते, तेव्हाही त्याचा अर्थ मोजून घ्यावा. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटांचा खंड क्षम्य, असा होतो, ९९.५ टक्के म्हटले की तो ३ तास ३६ मिनिटांचा होतो. आश्वासन मोडले तर बहुधा पुढील बिलात सवलत मिळते. बुडालेल्या धंद्याची भरपाई सहसा मिळत नाही.

कायद्याचे बंधन आणि सत्तेचा प्रश्न

भारतीय कायद्यानेही ही जबाबदारी उद्योजकावरच ठेवली आहे. कंपन्यांच्या हिशेबवह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवल्या असतील, तर त्यांची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्यात येत आहेत. माहितीवर प्रक्रिया दुसऱ्याकडून करवून घेतली, तरी उत्तरदायित्व ती गोळा करणाऱ्याचेच, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. वाजवी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

याहून गंभीर प्रश्न सत्तेचा आहे. सर्व्हर भारतात असणे आणि त्याच्यावरील सत्ता भारतात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या ‘क्लाउड ॲक्ट’नुसार, तेथील कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीला न्यायालयीन आदेश मिळाल्यास तिच्या ताब्यातील माहिती द्यावी लागते, ती माहिती कोणत्या देशातील यंत्रावर आहे याने फरक पडत नाही.

सेवा बंद होण्याचा प्रसंग तर भारताने अलीकडेच अनुभवला आहे. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांच्या नव्या फेरीत या कंपनीचा समावेश केला आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व संपर्कसेवा थांबवली. एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, ही भारत सरकारची भूमिका आहे. सेवेचे शुल्क पूर्ण भरलेले आहे, असे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर लवकरच सेवा पूर्ववत झाली. कारखाना भारतीय भूमीवर, कामगार भारतीय, कायदा भारतीय. आणि तरीही त्यांचा पत्रव्यवहार काही दिवस परदेशातील निर्णयाने ठप्प झाला.

यावरून विदेशी सेवा सर्वथा टाकाव्यात, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांची गुणवत्ता आणि व्याप्ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्याविना धंदा एक दिवसही चालू शकत नाही, अशा गोष्टींची एक प्रत आणि एक पर्याय स्वतःच्या आवाक्यात असलाच पाहिजे. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने आपला स्वतंत्र क्लाउड उभारला आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना केंद्रामार्फत त्याची सेवा सुरू केली. शासनाला जी दक्षता आवश्यक वाटली, ती उद्योगानेही आपल्या आकारमानानुसार घ्यावी.

आरंभ कसा करावा

आरंभ लहान असावा. प्रथम ई-मेल, कागदपत्रे आणि माहितीच्या जादा प्रती क्लाउडवर न्याव्यात. त्या सवयीच्या झाल्यावर हिशेब व साठ्याच्या नोंदी न्याव्यात. उत्पादनाचे नियंत्रण सर्वांत शेवटी विचारात घ्यावे आणि पुष्कळ ठिकाणी ते जागीच राहू द्यावे.

मुख्य खाते संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ई-मेलवर असावे. अनेक लघुउद्योगांत ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर उघडलेले असते आणि तो नोकरी सोडून गेला की मालकाच्या हाती किल्ली राहत नाही. पासवर्डबरोबरच मोबाइलवरील दुसरी खातरजमा सक्तीची करावी. बिल ठरावीक रकमेपुढे गेल्यास सूचना मिळण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी.

करार करताना प्रवेशाइतकाच निर्गमनाचाही विचार व्हावा. माहिती परत कोणत्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि तिचे किती शुल्क पडेल, हे लेखी घ्यावे. येथे साधे गणित उपयोगी पडते. सेकंदाला २० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून एक टेराबाइट माहिती उतरवून घेण्यास सुमारे १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो. पुरवठादाराने सात दिवसांची मुदत दिली आणि माहिती दोन टेराबाइट असली, तर मुदत संपेल तेव्हा बरीचशी माहिती मागेच राहिलेली असेल.

आणि प्रत ठेवली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून दोनदा ती प्रत उघडून, तीवरून एखाद्या महिन्याचा हिशेब पुन्हा उभा करून पाहावा. अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगलेले असणे आणि ते चालणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथेही आहे.

येथून परतल्यावर प्रत्येक उद्योजकाने आपल्या संगणकाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत. आपली माहिती आज नेमकी कोणाच्या यंत्रावर आणि कोणत्या शहरात आहे? मुख्य खात्याची किल्ली कोणाकडे आहे? आणि उद्या सकाळी ही सेवा बंद झाली, तर दुपारपर्यंत ग्राहकाला बिल देता येईल काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून मिळाली, तर तो उद्योग क्लाउडवर जाण्यास सिद्ध आहे. ती मिळाली नाहीत, तर सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात असूनही त्या उद्योगाची माहिती आजच दुसऱ्याच्या भरवशावर आहे, असे समजून कामाला लागावे.